पत्र्याची खोली

टेम्पोच्या दुसऱ्या खेपेला तीनच वस्तू उरल्या होत्या. लोखंडी कपाट, जगदेवीचं शिलाई मशीन आणि गुरुबसप्पांची खाट. सकाळचे नऊ वाजले होते. वास्तूच्या पूजेला स्वामी दहाला येणार होते.

कपाट सोमेश आणि टेम्पोवाल्यानं उचललं. मशीन नागसेन मिस्त्रीनं एकट्यानं उचललं आणि बैठकीत भिंतीशी ठेवलं. खाट गुरुबसप्पांनी स्वतः घेतली. ती नवारीची होती, हलकी होती. पुढच्या दारातून गेलं असतं तर बैठक आणि स्वयंपाकघर ओलांडून लगेच मागची खोली होती. ते घराला वळसा घालून, विटांच्या ढिगावरून गेले आणि मागच्या दारानं खाट आत टाकली.

"अप्पा, हिकडं कामून आणली?" सोमेश स्वयंपाकघरातून डोकावला. "तुमचं बैठकीत ठरलं होतं ना?"

"राहू दे सध्या. पुढं पूजा हाय. पायात येईल."

"पूजा झाली की आत घेतो मग."

गुरुबसप्पांनी खाट भिंतीला नीट लावली आणि वर पाहिलं. पत्रा. लोखंडी पाइपावर टाकलेले सहा पत्रे. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट होती, तिथून उजेड येत होता आणि वाराही येत होता.

घर अर्धंच झालं होतं. बैठक, झोपायची खोली आणि स्वयंपाकघर यांवर स्लॅब पडला होता. बैठकीची एक भिंत परवाच प्लॅस्टर केली होती, ती अजून ओली होती. खिडक्यांना चौकटी होत्या, झडपा नव्हत्या. सोमेश कोचिंग क्लासच्या छपाईखात्यात होता. त्यानं तिथले जुने फ्लेक्स आणून खिडक्यांवर ठोकले होते. बैठकीच्या खिडकीतून गेल्या वर्षी डॉक्टरकीला लागलेली नऊ पोरंपोरी हसत आत बघत होती. घर पूर्ण होईपर्यंत थांबायचं असं ठरलं होतं, पण जुन्या जागेच्या मालकाला तिथं विद्यार्थ्यांसाठी होस्टेल बांधायचं होतं. तो दिवाळीपर्यंत थांबला, पुढं थांबला नाही. कार्तिक लागला होता आणि पहाटे गारठा पडायला लागला होता. गुरुबसप्पांना दमा होता.

त्र्याण्णव सालचा भूकंप झाला तेव्हा गुरुबसप्पा तेहतीस वर्षांचे होते. गणपती विसर्जनाला जगदेवीच्या माहेरी गेले होते, किल्लारीच्या अलीकडच्या एका गावात. सोमेश पाच महिन्यांचा होता. तो रडत होता म्हणून जगदेवी त्याला घेऊन अंगणात झोपली. गुरुबसप्पा आत झोपले. शेजारी जगदेवीचा धाकटा भाऊ शरणप्पा होता. पहाटे दगडामातीचं जड माळवद खाली आलं. गुरुबसप्पांना सकाळी दहाला बाहेर काढलं. शरणप्पाला दुपारी काढलं, तेव्हा तो गेलेला होता.

घरात ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जायची. सांगायचे गुरुबसप्पाच, आणि हसून सांगायचे. बाहेर काढल्यावर मी पहिल्यांदा चपला मागितल्या, असं ते म्हणायचे आणि पोरं हसायची. मधल्या तासांबद्दल ते काही सांगत नसत. ते फक्त जगदेवीला माहीत होतं.

तेव्हापासून ज्या छताला वजन आहे त्याच्याखाली त्यांना झोप लागत नव्हती. थोडा वेळ बसता यायचं, दाराजवळ. डाळमिलचं शेड पत्र्याचं होतं, तिथं पस्तीस वर्षं फिटरचं काम केलं. भाड्याचं घर पत्र्याचं होतं. मिलच्या मालकानं दोनदा स्लॅबचं क्वार्टर देऊ केलं. पहिल्या वेळी गुरुबसप्पा मालकासमोर काही न बोलता उभे राहिले. तेव्हा जगदेवी म्हणाली, "मला स्लॅबची भीती वाटते, साहेब. आम्हाला नको." दुसऱ्या वेळी तेच कारण गुरुबसप्पांनी स्वतः सांगितलं. पुढं सगळ्यांना तेच सांगितलं. नव्या घराच्या नकाशावरही जगदेवीनं बोट ठेवून सांगितलं होतं, ही मागची खोली पत्र्याची.

आषाढात जगदेवी गेली. आता ते कारण सांगायला कोणी नव्हतं.

*

पूजेला जोडपं लागतं म्हणून सोमेश आणि शिवानी पाटावर बसले. शिवानीनं तांब्यातून पाणी घातलं आणि सोमेशनं पितळी ताटात उमाशंकर स्वामींचे पाय धुतले. विभूती लावली, बेल वाहिला. खाली फरशी नव्हती, नुसता कोबा होता. कोब्याचा गारवा पाटातून वर येत होता.

शेजारच्या प्लॉटवरची बाई दाराशी उभी राहून बघत होती. ती हळूच म्हणाली, "वर्षाच्या आत वास्तू करतेत का?"

हळू म्हणाली तरी कमलम्मांना ऐकू गेलं. कमलम्मा गुरुबसप्पांच्या थोरल्या बहीण. उदगीरहून काल एसटीनं आल्या होत्या आणि कालपासून सगळ्यांना कामाला लावत होत्या.

"आमच्यात सुतक धरत न्हाईत, बाई," त्या म्हणाल्या. "गेलेलं माणूस शिवाकडं गेलं. सुतक कुणाचं धरायचं? या, आत या. गव्हाची गोड हुग्गी खाऊन जा."

बाई ओशाळली आणि आत येऊन बसली.

शिवानीनं सासऱ्यांकडं पाहिलं. ते उंबऱ्यावर बसले होते. एक पाय आत होता आणि एक बाहेरच्या पायरीवर.

"बसप्पा, जवळ या. तीर्थ घ्या," स्वामी म्हणाले.

"हितूनच घेतो."

त्यांनी बसल्या जागेवरून हात पुढं केला. तो पोचत नव्हता. शेवटी स्वामीच उठले आणि दोन पावलं जाऊन त्यांच्या ओंजळीत तीर्थ घातलं. गुरुबसप्पांनी ते घेतलं, हात डोक्यावरून फिरवला. बाहेरचा पाय बाहेरच होता.

शिवानीला दवाखाना आठवला. सासूबाई सतरा दिवस तिथं होत्या. सासरे रोज यायचे, पाच मिनिटं खाटेजवळ उभे राहायचे आणि खाली स्कूटरी लावायच्या पत्र्याखाली जाऊन बसायचे. रात्रीही तिथंच झोपायचे. आत डास लई हायत, असं सांगायचे. सोमेशला राग यायचा. शिवानीलाही तेव्हा बरं वाटलं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात सासूबाईंनी तिला जवळ बोलावलं होतं.

"मागची खोली पत्र्याचीच राहू दे. सोमेशला पटणार न्हाई. तू बघ."

"तुम्हाला भीती वाटते म्हणून ना, अत्याबाई?"

"मला?" त्या हसल्या होत्या आणि हसताना त्यांना ठसका लागला होता. "मी कशाला भेऊ? मी तर अंगणात होते."

तेव्हा शिवानीला त्याचा अर्थ लागला नव्हता. आजारी माणूस काहीही बोलतं, असं तिला वाटलं होतं. आता ती त्या बाहेरच्या पायाकडं बघत राहिली.

"शिवानी, पाणी घाल," सोमेश म्हणाला. ताटातलं तीर्थाचं पाणी संपलं होतं.

*

स्वामी जेवून गेले. शेजारची बाई गेली. घरची माणसं बैठकीत गोल करून जेवायला बसली. नागसेनलाही बसवलं. गुरुबसप्पा ताट घेऊन पायरीवर बसले. उन्हात बरं वाटतं, म्हणाले.

सोमेशला आज बरं वाटत होतं. वर्षभर तो या घराच्या मागं होता. रेती, सळई, पाणी, मिस्त्री. आई असती तर तिला हाताला धरून फिरवलं असतं, असं त्याच्या मनात दोनदा आलं होतं. आता राहिलेलं काम उरकायचं होतं.

"नागसेनभाऊ, सोमवारी स्लॅबचे सेंट्रिंगवाले नक्की ना?"

"सांगून ठेवलंय." नागसेननं घास थांबवला. "मागचे पत्रे उतरवायचेच का पण?"

"उतरवायचेच. एकदा स्लॅब पडला की थंडीची फिकीर न्हाई. अप्पाच्या दम्यासाठी करून राहिलो मी."

"दम्यासाठी करून राहिलास का वर पोरांना खोल्या काढून भाड्यानं द्यायला?" दामिनी म्हणाली. ती त्याची धाकटी बहीण. नवरा विष्णुपुरीला कॉलेजात नोकरीला होता, ती सकाळच्या गाडीनं एकटीच आली होती.

"दोन्हीसाठी. चोरी हाय का त्यात?"

"स्लॅब पडून वाळेपर्यंत निम्मी थंडी जाईल, दादा. तोवर अप्पा कुठं राहणार? मी नेते त्यांना. आमचं क्वार्टर खालच्या मजल्यावर हाय. वर दोन मजले. गारठा अजिबात लागत न्हाई."

पायरीवर गुरुबसप्पांचा हात ताटात थांबला. सोमेशला ते दिसलं. त्याला वाटलं, त्यांना मुलीकडं जायचं नाही.

"घर माझ्या बापाचं, अन् बाप तुझ्याकडं? लोकं काय म्हणतील मला?"

"तुला लोकांचं पडलंय."

"तुला आजच आठवण झाली बापाची? दवाखान्यात सतरा दिवसांत चार दिवस आलीस."

"माझ्या पोराची परीक्षा होती, दादा! तुला मालूम हाय."

"साकु! पुरे!" कानडीत आणि मराठीत ओरडून कमलम्मांनी पळी ताटावर आपटली. "बाप हाय का टेम्पोतलं कपाट हाय? एक म्हणतो मी उचलतो, एक म्हणती मी उचलते. बसप्पा हितंच राहील. बैठकीत खाट टाका त्याची. अन् पत्रा काढून टाका, सोमेश म्हणतो तसं. जगदेवी गेली, तिचं भ्याव बी तिच्यासंग गेलं."

कमलम्मांनी दामिनीच्या ताटात हुग्गी वाढली, वर तूप घातलं आणि पुढं बोलल्या.

"तिच्या भ्यावापायी माझ्या भावाची जिंदगी पत्र्याखाली गेली. उन्हाळ्यात भाजला, थंडीत काकडला. दोन-दोन क्वार्टरं सोडली. हा दमा कुठून आला?"

"आत्या, आज तरी अव्वाला बोलू नका," दामिनी म्हणाली.

"खोटं बोलले का? तुझी आई चांगलीच होती. भित्री होती, एवढंच."

दामिनीनं मान खाली घातली. आईबद्दल हे सोमेशनंही लहानपणापासून ऐकलं होतं आणि ते त्याला खरंच वाटत होतं. शाळेत असताना त्याला लाज वाटायची. मित्रांची घरं स्लॅबची होती आणि पावसात त्याच्या घरी बोललेलं ऐकू यायचं नाही.

"काढा मग पत्रा," दामिनी म्हणाली. "अव्वाच न्हाई तर कुणासाठी ठेवायचा? दादा, पर पैला महिना मी नेते अप्पांना."

"ने. एक महिना ने," सोमेश म्हणाला. भांडण मिटलं म्हणून त्याला हलकं वाटलं.

"पत्रा काढायचा न्हाई," शिवानी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात भाताचं पातेलं घेऊन उभी होती.

"कामून?" सोमेशनं विचारलं.

"ती खोली मला पायजे. मला स्लॅबखाली जीव घाबरल्यासारखं होतं."

"तुला? तुझ्या माहेरी तीन मजले हायत. तू तिसऱ्यावर अभ्यास करायचीस."

"तेव्हा व्हायचं न्हाई. आता होतं."

"कधीपासून?"

"आजपासून."

नागसेनला हसू आलं, ते त्यानं पाणी पिऊन दाबलं. कमलम्मा मात्र हसल्या नाहीत.

"घ्या! सासूचं मशीन घेतलं अन् भ्याव बी घेतलं. अगं, एक भित्री आताच कुठं गेली, तवर दुसरी उभी राहिली? आता तू माझ्या भाच्याला पत्र्याखाली म्हातारा कर!"

*

"अक्का, तिला बोलू नको."

पायरीवरून आवाज आला. कमलम्मांनी वळून पाहिलं. गुरुबसप्पांनी ताट बाजूला सरकवलं होतं. हात धुतला नव्हता.

"का बोलू नको? मी थोरली हाय या घरात."

"तिला भ्याव न्हाई. जगदेवीला बी नव्हतं. भ्याव मला हाय."

कमलम्मा आधी हसल्या. "तुला? तू तर चपला मागितल्या म्हणून सांगतोस पोरांना."

"मागितल्या. त्याच्या आधीचं सांगितलं न्हाई." गुरुबसप्पा अंगणातल्या रेतीकडं बघत बोलत होते. "शरणप्पाचा हात माझ्या पोटावर होता. हलवता येत नव्हता, त्याला बी अन् मला बी. त्यानं इचारलं, दाजी, उजाडलं का? मी म्हणलं, उजाडतंय. परत इचारलं, दाजी, उजाडलं का? मी म्हणलं, आता उजाडतंय. मग इचारायचं थांबला. मी म्हणतच राहिलो."

खिडकीवरचा फ्लेक्स वाऱ्यानं वाजला.

"तवापासून मला आत झोप लागत न्हाई. वर लक्ष राहतं. जगदेवी म्हणली, मिलमधी तुम्हाला हसतील, माझं नाव सांगा. मी सांगितलं. एकतीस वर्षं सांगितलं. तू तिला बोलायचीस, मी ऐकायचो. तवा बी काही बोललो न्हाई."

दामिनी उठून पायरीपाशी गेली. "माझ्या लग्नात अक्षता पडताना तुम्ही नव्हता."

"गेटवर होतो. कार्यालयाला वर दोन मजले होते."

"मला वाटलं, तुम्हाला पाहुण्यांचंच पडलं होतं."

"न्हाई. मंगलाष्टकं ऐकू येत होती. सगळी ऐकली."

दामिनी त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

सोमेशचा आवाज चढला. "मला सांगायचं ना, अप्पा! मी काय परका हाय का? घराचा नकाशाच तसा काढला असता मी."

"तुझ्या अव्वानं काढलाच होता तसा."

कमलम्मा पळी हातात धरून बसल्या होत्या. त्यांना गेल्या संक्रांतीचं आठवलं. जुन्या घरात पत्र्यावर माकडं नाचत होती आणि त्या जगदेवीला म्हणाल्या होत्या, तुझ्यासारखी भित्री बायको माझ्या भावाच्या नशिबी आली. जगदेवी तेव्हा भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची गरम भाकरी कमलम्मांच्या ताटात टाकली आणि म्हणाली, "हाव अक्का, मी हायेच तशी." त्या वेळी गुरुबसप्पा दारातच बसले होते. कमलम्मांनी ती भाकरी खाल्ली होती. आणखी एक मागून घेतली होती.

एकतीस वर्षांत असं किती वेळा झालं असेल, हे त्यांना आठवेना. प्रत्येक वेळी जगदेवी हाव म्हणाली होती.

कमलम्मा कोणाची माफी मागत नसत. मागायचीच तर आता ती जगदेवीची होती आणि तिला रुद्रभूमीत पुरून चार महिने झाले होते. त्यांनी पळी पातेल्यात ठेवली.

"नागसेन," त्या म्हणाल्या.

"जी, आत्या."

"पत्र्याला गारठा थांबत न्हाई का? काहीच करता येत न्हाई?"

"येतं की. खालून थर्माकोल मारायचा, त्याला बांबूच्या तट्ट्या लावायच्या. भिंतीवरच्या फटी सिमेंटनं बुजवायच्या. दोन दिवसांचं काम हाय. सेंट्रिंगवाल्यांना फोन करून नको म्हणतो." मग त्यानं सोमेशकडं पाहिलं. "म्हणू ना?"

सोमेशनं आधी वर पाहिलं. स्लॅबच्या खालच्या बाजूला फळ्यांचे ठसे उमटले होते. त्याला हे छत आवडत होतं. स्लॅब टाकला त्या दिवशी त्यानं क्लासात पेढे वाटले होते.

"सांग," तो म्हणाला. "अन् मागचं दार बाहेरून उघडतं तसं राहू दे. त्यांना घर ओलांडून जावं लागू नये."

"आज कुठं झोपतील मग?" दामिनीनं विचारलं. "फटी तर उघड्याच हायत."

"आज रिकाम्या सिमेंटच्या गोण्या कोंबू," शिवानी म्हणाली. "लई पडल्यात बाहेर."

"झटकून घ्या," कमलम्मा म्हणाल्या. "धुळीनं दमा उठल त्याला." आणि त्याच पहिल्यांदा उठल्या.

*

तीन वाजेपर्यंत गोण्या बसवून झाल्या. कमलम्मांनी खालून एकेक गोणी घडी घालून दिली आणि नागसेननं शिडीवरून ती फटीत दाबली. खोलीत अंधार झाला. गुरुबसप्पा आत जाऊन खाटेवर बसले, वर पाहिलं आणि बरं हाय म्हणाले.

जगदेवीचा फोटो चादरीत गुंडाळून कपाटात ठेवला होता. सोमेशनं तो काढला आणि मागच्या खोलीकडं निघाला.

"कुठं नेतोस?" गुरुबसप्पांनी विचारलं.

"हितं लावतो. तुमच्याजवळ."

"नको. बैठकीत लाव. तिला कुठंबी झोप लागायची."

सोमेश फोटो घेऊन बैठकीत गेला. गुरुबसप्पा घराला वळसा घालून पुढच्या दारात आले. सोमेशनं प्लॅस्टर केलेल्या भिंतीवर मधोमध जागा बघितली आणि हातोडी मागितली.

"आता खिळा मारू नका," नागसेन म्हणाला. "परवाचं प्लॅस्टर हाय. चीर पडल. आठ दिवस पाणी मारा, मग मारा."

सोमेशनं फोटो समोरच्या कोरड्या भिंतीजवळच्या शिलाई मशीनवर उभा करून ठेवला आणि हातोडी खाली ठेवली.

"आठ दिवसांनी मी मारतो खिळा," गुरुबसप्पा म्हणाले.

त्यांच्यापासून ती भिंत सात-आठ पावलांवर होती. सोमेशनं वडिलांकडं पाहिलं आणि हो म्हणाला.

अंगणात पाण्याचा पाइप पडला होता. गुरुबसप्पांनी तो उचलला, शिवानीला मोटार चालू करायला सांगितलं आणि उंबऱ्यात उभे राहिले. तिथून त्यांनी भिंतीवर पाणी मारलं. खालच्या निम्म्या भिंतीला पाणी पोचलं. वरची निम्मी कोरडी राहिली. त्यांनी पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला. तरी पोचेना.

मग ते उंबरा ओलांडून दोन पावलं आत गेले आणि वरच्या भिंतीवर पाणी मारून लगेच बाहेर आले.